चाळीस जागांची पेटी

मी संत्र्याची पेटी बोलतेय. या नावावर आता माझा फारसा हक्क उरलेला नाही. संत्री माझ्यात आठ दिवस राहिली असतील, आणि त्याला एकोणतीस वर्षं झाली. त्यानंतर माझ्यात जे राहिलं, त्याला आमच्या वरूडकडे कोणी फळ म्हणणार नाही.

माझा जन्म वरूडचा. सालईच्या पातळ फळ्या, चार कोपऱ्यांना चार ठोकळे, आणि मधोमध एक उभी फळी. त्या फळीमुळे माझे दोन खण झाले. फळ्यांमध्ये बोटभर फट, फळाला वारा लागावा म्हणून. नबीचाचा तोंडात खिळे धरून बसायचे आणि मान वर न करता पेट्या ठोकत जायचे. संध्याकाळपर्यंत त्यांच्यामागे आमची भिंत उभी राहायची.

आमच्या जातीत परत येणं नसतं. ट्रकात चढायचं, दिल्लीला नाहीतर कलकत्त्याला उतरायचं, रिकामं व्हायचं, आणि थंडीत कुणाच्या तरी शेकोटीत जायचं. माझ्याबरोबर त्या दिवशी तयार झालेल्या पेट्यांपैकी एकीचंही पुढं काय झालं, मला माहीत नाही. मी ट्रकात चढलेच नाही. नबीचाचांचा मुलगा जुबेर तेव्हा अमरावतीला आयटीआयमध्ये शिकत होता. सुट्टी संपल्यावर त्यानं मला आंबिया बहाराच्या संत्र्यांनी भरलं, एस.टी.च्या टपावर टाकलं आणि आपल्या खोलीवर नेलं.

त्या खोलीत त्याच्याबरोबर मोर्शीचा मनोज राहत होता. बोलायला कमी, ऐकायला पक्का. दोघांनी आणि शेजारच्या खोल्यांतल्या पोरांनी मिळून आठ दिवसांत मला रिकामं केलं. जुबेर म्हणाला, "चहाले जळण झालं." मनोजनं मला हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिलं. "राहू दे. कामी येईन."

काय कामी येईन, ते तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या काळी अमरावतीत कॅसेटी भरून देणारी दुकानं होती. तुम्ही गाण्यांची नावं लिहून द्यायची, दुकानदार कोऱ्या कॅसेटीवर ती उतरवून द्यायचा. अशाच एका दुकानात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवरचा, मणिपूरहून आलेला एक विद्यार्थी आपल्या कॅसेटींची नक्कल करून घ्यायला येत असे. दुकानदारानं प्रत्येकीची एक नक्कल स्वतःजवळही ठेवली होती, पण ती कोणी मागेना. वेष्टन नाही, नाव नाही. मनोज आणि जुबेर तिथं जुन्या हिंदी गाण्यांसाठी गेले होते. दुकानदारानं त्यातल्या दोन कॅसेटी त्यांच्या पुढ्यात टाकल्या. "हे घेऊन जा. डोकं दुखलं तं माह्याकडे येऊ नका."

खोलीवर टेप लावला आणि पहिल्याच मिनिटाला जुबेर हसायला लागला. "हे गाणं आहे का भांडण बे?"

"थांब," मनोज म्हणाला. "भांडण असलं तरी संपू तं दे."

ते संपल्यावर जुबेरनंच कॅसेट उलटवली.

त्या संगीताला हेवी मेटल म्हणतात हे त्यांना पुढं कळलं. मी लाकूड आहे, मला त्यातलं एवढंच सांगता येईल की ते कानांच्या आधी फळ्यांना कळतं. टेप माझ्यावर ठेवलेला असे. जड गिटार सुरू झाली की माझे खिळे थरथरायचे. काही कॅसेटींत ठोका सरळ चालायचा, गावातल्या दणकट माणसासारखा. ती जुबेरची आवड. काहींत मात्र गाणं पंधरा-पंधरा, वीस-वीस मिनिटं चालायचं. मध्येच मात्रा बदलायची, मध्येच सगळं थांबून एखादी बारीक सुरावट यायची, आणि जिथून निघालं तिथं ते वेगळ्याच वाटेनं परत यायचं. याला प्रोग्रेसिव्ह म्हणतात. ती मनोजची आवड.

कॅसेटींवर नावं नसल्यामुळे या दोघांनी आपली नावं दिली. एकीत ढोल इतका जलद वाजे की तिचं नाव पडलं 'गिरणी'. एकीत गाणारा खोल कुठून तरी ओरडल्यासारखा वाटे, ती 'विहीर'. एक फारच संथ आणि उदास होती, ती 'उपास'. एकीत पाच वाद्यं एकमेकांचं ऐकतच नाहीत असं जुबेरला वाटायचं, ती 'मामाचं लग्न'. आणि एकीच्या सुरुवातीला लोखंडावर लोखंड आदळावं तसे दोन ठोके होते, मग शांतता, मग पुन्हा दोन ठोके. बडनेऱ्याच्या रेल्वे यार्डात मालगाडीच्या वाघिणी जोडतात तेव्हा तसाच आवाज येतो. तिचं नाव 'यार्ड'. खरी इंग्रजी नावं दुसऱ्या कोणा देशातल्या लोकांना माहीत असतील. आमच्या खोलीत त्यांचा कधी उल्लेख झाला नाही.

कॅसेटी वाढत गेल्या तेव्हा मनोजनं मला भिंतीजवळून पुढं ओढलं आणि त्या माझ्यात उभ्या लावल्या. एका खणात वीस बसल्या, दुसऱ्यात वीस. एक्केचाळिसावी बसेना.

तिथून नियम ठरला. पेटीत राहतील त्या आवडत्या. जागा चाळीसच. नवी आत यायची तर जुनी एक बाहेर गेली पाहिजे, आणि ती कोणती, हे दोघांनी मिळून ठरवायचं. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, जुबेर वरूडहून संत्री घेऊन यायचा तेव्हा ते बसायचे. या बसण्याला त्यांनी नाव दिलं होतं छाटणी. शेतात तोडलेल्या संत्र्यांचा ढीग लावून बायका मोठं फळ, मध्यम फळ, डागी फळ वेगळं करतात, तसंच.

छाटणीच्या दिवशी दोघं सतरंजीवर बसून दुपारभर भांडायचे.

"'मामाचं लग्न' काहून ठेवलं बे अजून? हे तं बँडवाले दारू पिऊन वाजवून राहिले."

"तुले वीस मिनिट एका जागी बसता येते काय? नाही येत. मंग बोलू नको."

"बसतो ना. नमाजले बसतो, सलूनात बसतो. पण इथं सात मात्रा मोजत बसू काय?"

"मोजू नको. ऐक."

"हे पाय, 'उपास' जाऊ दे अन् मामाले राहू दे. तुह्यासाठी."

"उपासले हात नाही लावायचा."

शेवटी एखादी बाहेर जायची. बाहेर गेलेल्या पलंगाखाली एका पिशवीत पडायच्या, आणि पुढच्या वर्षी त्यातली एखादी अपील करून परतही यायची. या दोघांच्या आयुष्यात काय काय आलं आणि गेलं, ते मला या बसण्यांतूनच कळत गेलं. मनोज रेल्वेच्या सिग्नल विभागात लागला, बडनेऱ्याला क्वार्टर मिळालं. जुबेरनं अकोल्याला रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं, पुढं त्याचंच मोबाइलचं झालं. नबीचाचा गेले. माणसं बदलली, चाळीस मात्र चाळीसच राहिल्या.

आता एक गोष्ट सांगते, जी मनोजनं कुणाला सांगितली नाही. छाटणीच्या वेळी सगळ्या कॅसेटी बाहेर निघायच्या, सतरंजीवर मांडल्या जायच्या. एक सोडून. डाव्या खणातली चौदावी, 'यार्ड', तो माझ्यातून काढायचाच नाही. तिच्याबद्दल वाद नव्हता, म्हणून ती बाहेर येत नव्हती. जुबेरही तिच्याकडे हात नेत नसे. ती पहिल्या नंबरची आहे असं दोघांपैकी कोणी कधी म्हणालं नाही.

'यार्ड'च्या पहिल्या बाजूच्या शेवटी एक लांब गाणं होतं. सगळी वाद्यं एकेक करून थांबायची आणि एकटी गिटार वर चढत जायची. चढत चढत आता पोचणार, असं वाटेपर्यंत टेप संपायची. टक. मनोज तो टक ऐकून मगच उठायचा.

मनोजचं लग्न झालं तेव्हा मी नव्या घरात पलंगाच्या उशाशी आले. ललिता दर्यापूरकडची. लग्नानंतर चारच दिवसांनी तिनं विचारलं, "हे असंच रोज वाजणार हाय काय?"

"रोज एक तास," मनोज म्हणाला.

"मंग कानात वाजवा."

तो रागावला नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं हेडफोन आणला. चोवीस वर्षं ड्युटीवरून आल्यावर एक तास तो माझ्याजवळ आरामखुर्चीत बसायचा, आणि ललिता त्याच खोलीत तूर निवडायची, कपड्यांच्या घड्या करायची, दामिनीचा अभ्यास घ्यायची. दामिनी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. त्या तासात बाप काही बोलत नाही, एवढं तिला दुसरीतच कळलं होतं. घरात शांतता असायची. गिटारा फक्त त्याच्या डोक्यात वाजायच्या, आणि टेप माझ्यावर असल्यामुळे त्याच्या चक्राची घरघर माझ्या फळ्यांत.

मग २०१३ सालची दिवाळी आली.

जुबेर संत्र्यांची पिशवी घेऊन आला, पण बसायच्या आधीच खिशातून फोन काढला. त्याचे डोळे चमकत होते.

"मन्या, सापडला! 'यार्ड' सापडला. अख्खा. इंटरनेटवर हाय." त्यानं एक इंग्रजी नाव घेतलं. मनोजचा चेहरा बदललेला त्याला दिसला नाही. "अन् ऐक, आपली कॅसेट उलटी हाय बे. दुकानवाल्यानं दुसरी बाजू आधी भरली. अन् शेवटचं गाणं आपल्याजवळ अर्धंच हाय. कॅसेट संपली म्हणून तुटलं ते. अजून नऊ मिनिटं हायेत! लावू?"

"नको."

"अबे, ऐक तं."

"नको म्हटलं ना."

"सतरा वर्षं चुकीचं ऐकलं आपण!"

"तू ऐकलं असशीन चुकीचं. मी नाही."

जुबेरनं तरी फोन लावला. दोन ठोके आले नाहीत, भलतंच काही सुरू झालं. मनोजनं त्याच्या हातून फोन घेतला, बंद केला आणि परत दिला. जुबेर हसला, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं.

"तू असाच हायेस. अर्ध्यातच खुश. साहेब बोलावून राहिले तरी बढतीच्या परीक्षेले बसला नाहीस. मोर्शीचं घर अर्धं बांधून सोडलं. पुढं काय हाय ते पाहाचंच नाही तुले."

मनोजनं संत्र्यांची पिशवी आत नेऊन ठेवली. मग म्हणाला, "चहा पिऊन जाय."

जुबेर चहा न पिता गेला.

पुढच्या दिवाळीला तो आला नाही. संत्र्यांचं पोतं तेवढं एस.टी.च्या पार्सलनं आलं. मनोजनं ती संत्री कॉलनीत वाटली. फोन केला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी पोतंही आलं नाही.

मनोजनं छाटणी सोडली नाही. दर दिवाळीला सतरंजी टाकायचा, एकोणचाळीस कॅसेटी बाहेर काढायचा, पुसायचा, आणि होत्या तशाच परत ठेवायचा. दहा वर्षांत एकही बाद झाली नाही. भांडायला समोर कोणी नसलं की काहीच बाद होत नाही, हे मला तेव्हा कळलं.

मागल्या वर्षी फेब्रुवारीत मनोज ड्युटीवर असताना त्याच्या छातीत दुखलं. तीन दिवस अमरावतीच्या दवाखान्यात होता. चौथ्या दिवशी घरात खूप चपला दिसल्या, आणि कोणीतरी आरामखुर्ची घडी करून भिंतीला लावली.

जुबेर स्मशानात आला होता म्हणे. मागंच उभा राहिला आणि घरी न येता निघून गेला.

घर रिकामं झाल्यावर एका दुपारी ललिता माझ्यासमोर येऊन बसली. चोवीस वर्षांत ती अशी कधी बसली नव्हती. मला पुसायची, सरकवायची, माझ्यामागचं जाळं काढायची. आता तिनं एक कॅसेट काढली, तिच्यावरचं मनोजचं अक्षर वाचलं, 'विहीर', आणि परत ठेवली. मग दुसरी. शेजारच्या लीलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांना ती म्हणाली, "येणारा प्रत्येक जण इचारते, साहेबाले काय आवडे? मी सांगते, वांग्याचं भरीत. सकायचा पेपर. अन् हे?" तिनं माझ्यावर हात ठेवला. "रोज एक तास. नवरा माह्या डोळ्यासमोर बसून काय ऐके, त्यातलं एक मले माहीत नाही. मीच कानात घालाले लावलं."

"जाऊ दे आता," लीलाबाई म्हणाल्या.

"सगळं नाही पाहिजे मले. त्याले सगळ्यात जास्त कोणती आवडे, तेवढी एक माहीत पाहिजे."

मी तिच्या हाताखाली होते. चौदावी, बाई. डाव्या खणात. मला फटी आहेत, तोंड नाही.

मनोजच्या जुन्या डायरीत तिला जुबेरचा नंबर मिळाला.

तो दुसऱ्याच दिवशी अकोल्याहून आला. दाढी पांढरी झाली होती. घरात आल्यावर त्यानं आधी मला पाहिलं आणि माझ्या कोपऱ्याच्या ठोकळ्यावर अंगठा फिरवला. "अब्बाच्या हातची हाय," म्हणाला, आणि मग ललिताकडे पाहायचं धैर्य त्याला झालं.

टेपचा पट्टा झिजला होता. तो त्यानं बदलला. बटनं कशी दाबायची, कॅसेट कशी उलटवायची, ते तिला दाखवलं. हेडफोन पुढं केला तर ती म्हणाली, "नाही. आता मोठ्यानं. आता कोण म्हणते कानात वाजवा?"

मग तिनं विचारलं, "जुबेरभाऊ, यातली त्याची सगळ्यात आवडती कोणती?"

जुबेर माझ्यासमोर उकिडवा बसला होता. त्याची नजर डाव्या खणावरून गेली. चौदाव्या जागी थांबली. 'यार्ड' तिथंच होती. दहा वर्षांपूर्वी होती तिथंच. 

"भाभी, दहा वर्षं झाली मले येऊन. छाटणी तं दरसाल होते. मंधात काय बदललं, मले कसं माहीत?"

"मंग दहा वर्षाआधी कोणती होती?"

"ते नाही सांगत." तो खाली पाहत म्हणाला. "मी सांगितलं तं तुमी तेवढीच ऐकसान, अन् बाकीच्यायले हात नाही लावणार. एकेक ऐका. चाळीसच हायेत. तुमी त्याच्यासंग चोवीस वर्षं राहल्या, तुमाले कळते."

"अन् नाही कळलं तं?"

"नाही कळलं तं मले फोन करा. मी सांगतो."

तो गेल्यावर तिनं पहिली लावली. उजव्या खणातली पहिली होती 'विहीर'. चार मिनिटांत लीलाबाई पदराला हात पुसत आल्या. "ललिता, मिक्सर बिघडला काय वं?"

ललिता हसली. मनोज गेल्यानंतर त्या घरात ती पहिल्यांदा हसली.

दर गुरुवारी दुपारी एक, असं तिनं ठरवलं. ऐकून झालेली कॅसेट ती उलटी करून ठेवायची, नाव खाली, म्हणजे कुठवर आलो ते कळावं. तोंड आंबट करून ऐकायची, पण एक बाजू पुरती ऐकायची. 'मामाचं लग्न' ऐकताना स्वतःशीच म्हणाली, "बाप रे, हे आवडे?" आणि 'उपास'ला थोडा वेळ रडली.

जूनमध्ये रेल्वेचं क्वार्टर सोडलं. दामिनी अकोल्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला आहे. तिथंच तिच्या दोन खोल्यांत मायलेकी राहायला आल्या. सामान बांधताना दामिनी म्हणाली, "आई, तिथं जागा कुठे हाय? कॅसेटी ठेव एका डब्यात. पेटी कशाले पाहिजे?"

"डब्यात चाळीस बसतीन का पंचेचाळीस, कोणाले माहीत? यात चाळीसच बसते."

दामिनीला त्याचा अर्थ कळला नाही, पण तिनं मला ट्रकात चढवू दिलं. अशी मी शेवटी ट्रकात चढले.

अकोल्याच्या उन्हात माझी एक फळी तडकली. खिडकीखाली मला जागा मिळाली. गुरुवारी दामिनी लॅबमध्ये असते, दुपारी घर रिकामं असतं. उजवा खण संपला. ललिता डाव्या खणाकडे वळली आणि मी दिवस मोजू लागले.

चौदाव्या जागेचा गुरुवार आला. तिनं 'यार्ड' बाहेर काढली. नबीचाचांचा हात लागलेली मधली फळी त्या जागी मनोज गेल्यानंतर पहिल्यांदाच मला मोकळी लागली. दोन ठोके आले. शांतता. पुन्हा दोन ठोके. ललिता गादीवर बसून ऐकत होती. मी एवढी ताठ झाले की तडकलेली फळी आणखी तडकली असेल. थांब, बाई. ही. हीच.

आठ-दहा मिनिटं झाली असतील. तिनं कपाळ चोळलं. दारावर गॅसचा सिलेंडर घेऊन माणूस आला, तिनं टेप बंद केला, त्याला आत घेतलं, पासबुक शोधलं. तो गेल्यावर घड्याळ पाहिलं, संध्याकाळच्या जेवणाला कुकर लावला. मग येऊन कॅसेट काढली, नाव खाली करून माझ्यात ठेवली. तेवढ्या एकीची बाजू तिनं पुरी ऐकली नाही. शेवटचं गाणं आलंच नाही.

पुढच्या गुरुवारी पंधरावी लावली.

जानेवारीत सतरावीची पाळी आली. 'गिरणी'. तोवर फार आशा उरली नसावी, कारण ती लावून ललिता मटार सोलायला बसली. ढोल सुरू झाला. थोड्या वेळानं मटार सोलणारे हात थांबले. ती समोर, फरशीकडे पाहत होती. तिथं काही नव्हतं. तिची नजर मात्र तिथं कोणाचा तरी पाय असावा तशी खिळली होती.

तिनं टेप मागं नेला. पुन्हा लावला. मग स्वतःची टाच फरशीवर टेकवून तिनं ठोका धरला. तीनदा टाच, एक थांबा, मग दोनदा पंजा. गाणं तसंच चाललं होतं. पुन्हा तीनदा, थांबा, दोनदा. चुकलं नाही. मटारचं ताट बाजूला सरकवून ती ती बाजू संपेपर्यंत पाय हलवत राहिली, आणि मग कॅसेट उलटवून दुसरी बाजूही ऐकली.

दामिनी घरी आली तेव्हा ललिता दारातच उभी होती.

"सापडली."

"काय सापडली?"

"तुह्या बाबाची. अवं, हेडफोन घातला की त्याचा पाय हाले. चोवीस वर्षं तो पाय पाहिला मी. गाणं नाही ऐकलं, पाय पाहिला ना. हीच होय." आणि पोरीला तिनं टाच आपटून दाखवलं. दामिनीनं आईकडे पाहिलं, बॅग न उतरवताच खाली बसली, आणि तिनंही टाच आपटून पाहिली. "हो वं," म्हणाली. "मी अभ्यास करू तेव्हा असंच वाजे."

ललितानं जुबेरला फोन केला. फोनचा स्पीकर सुरू होता, म्हणून मला दोन्हीकडचं ऐकू आलं.

"जुबेरभाऊ, सापडली. 'गिरणी'."

 त्याच्या दुकानासमोरून जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न तेवढे येत होते.

"जुबेरभाऊ? बरोबर हाय ना?"

"हो भाभी," तो म्हणाला.  "हीच. एकदम हीच."

"पाहा. तुमी म्हटलं होतं मले कळते."

"म्हटलं होतं ना."

त्या संध्याकाळी ललिता पोटभर जेवली. दामिनीनं तसं बोलूनही दाखवलं.

आता तुम्हाला राहिलेलं सांगते. ललितानं पाहिलेला पाय खरा होता. 'गिरणी' लागली की मनोजचा पाय तसाच चालायचा, 'विहीर'ला वेगळा, आणखी कशाला आणखी वेगळा. 'यार्ड' लागली की मात्र तो हलायचाच नाही. डोळे मिटलेले, हात खुर्चीच्या दांड्यांवर, पाय जिथल्या तिथं. ललिता पाहायची आणि तिला वाटायचं, दमून झोपला. ती हलक्या पावलांनी यायची, त्याच्या पायांवर चादर घालायची आणि दिवा मालवून बाहेर जायची. मनोज झोपलेला नसायचा. पण चादर घातल्यावर त्यानं कधी डोळे उघडले नाहीत.

आता दर गुरुवारी 'गिरणी' वाजते. उरलेल्या तीन तिनं ऐकल्या नाहीत. गरज उरली नाही. 'गिरणी'ची जागा तिनं बदलली. उजव्या खणात, सगळ्यात पुढं ठेवली. छाटणी तिनं एकटीनं केली, आणि माझ्या मते ती नियमाला धरून झाली. पेटीत पहिली कोणती, हे ठरवणाऱ्या दोघांपैकी एकजण फोनवर 'हो' म्हणाला होता.

खरी गोष्ट आता तिघांना माहीत आहे. जुबेर बोलणार नाही. मला बोलता येत नाही. राहिलात तुम्ही. अकोल्याला कधी गेलात आणि एखाद्या घरातून गुरुवारी दुपारी गिरणीसारखा दणका ऐकू आला, तर आत जा, चहा घ्या, ती टाच आपटून दाखवेल ते बघा. एवढंच करा की तिला काही सांगू नका.

चौदावी माझ्याजवळ आहे. नाव खाली करून ठेवलेली. तिला आता कोणी काढत नाही.